तीन मीटरचं दार

कुंपणवाल्याला आपली मुलगी हुशार आहे याबद्दल कधी शंका नव्हती. शंका होती ती गणिताच्या पुस्तकाबद्दल. एवढी शहाणी पोर एकाच विषयात दोन-दोनदा नापास होते म्हणजे पुस्तकातच काहीतरी खोट असणार, असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा, आणि चारचौघं तोंडावर हो म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते त्याला कळत नव्हतं असं नाही.

मुलीचं घरातलं नाव बारकी. आता ती बापापेक्षा वीतभर उंच झाली होती, तरी नाव काही बदललं नव्हतं. जमीन मोजायला शिकवणाऱ्या कॉलेजात ती शिकत होती. बाप जमिनीला कुंपण घालतो आणि मुलगी जमीन मोजणार, यात कुंपणवाल्याला आपल्या तीस वर्षांच्या धंद्याचं चीज झाल्यासारखं वाटायचं. बाकीचे विषय ती पहिल्या फटक्यात सुटली होती. राहिला होता एकच, कॅल्क्युलस. आणि कॉलेजचा नियम असा की एका विषयाला तीन संधी. तिसऱ्यांदाही गेलं की यादीतून नाव कमी. दोन संधी होऊन गेल्या होत्या. तिसरीला बावीस दिवस उरले होते.

नुसतं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगानं वाढते ते, काढायला सांगितलं तर बारकी शेंगा सोलाव्यात तशी पानंच्या पानं सोडवायची. तिचं घोडं अडायचं शेवटच्या धड्यात. जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती, अशा गणितांचा तो धडा होता. त्यात आकडे मांडून मिळत नाहीत. एक गोष्ट सांगितलेली असते: इतक्या पत्र्याचा डबा करायचाय, त्यात जास्तीत जास्त पाणी कसं मावेल, इतक्या मोठ्या पुठ्ठ्याचे कोपरे कापून खोकं करायचंय, कोपरे केवढे कापू. त्या गोष्टीतून समीकरण आपलं आपण काढायचं. पुढचं सगळं बारकीच्या हातचा मळ, पण ती पहिली ओळ यायची नाही. कागदावर प्रश्नाचा नंबर टाकायची, ‘समजा’ एवढा शब्द लिहायची आणि पेनाचं टोपण चावत बसायची. अशा नुसतं ‘समजा’ लिहिलेल्या कागदांची एक चवड तिच्या टेबलाखाली साठली होती.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खाटेखाली तारेची भेंडोळी, दारामागे पहार आणि खड्डे काढायचं फावडं, आणि खिडकीशी बारकीचं टेबल. कुंपणवाला संध्याकाळी हातपाय धुऊन आला की त्या टेबलामागे उभा राहायचा. तो सातवीपर्यंत शिकलेला. मुलीच्या वहीतलं त्याला फक्त ‘समजा’ वाचता यायचं, आणि नेमकं तिथेच तीही थांबलेली असायची. बाप-लेकीची गाडी एकाच ठिकाणी रुतलेली बघून बारकीची आई म्हणायची, ‘तुम्ही तिच्या डोक्यावर उभं राहून काय होणार आहे? पोरीला वारा तरी लागू द्या.’ आई कामावर त्याच्याबरोबर तार ओढायची, तो खिळे ठोकायचा. पंचवीस वर्षं तार ओढून तिच्या बोलण्यालाही तसाच ताण आला होता.

गणिताच्या बाई भल्या होत्या. दर बुधवारी दुपारी त्या एक तास मदतीसाठी बसायच्या. ज्याला अडलं असेल त्यानं यावं. पण अडलेल्यांची रांग खोलीबाहेर जिन्यापर्यंत जायची आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच-सात मिनिटं यायची. बाई भरभर बोलायच्या, बारकी भरभर मान डोलवायची, आणि घरी आली की पालथ्या घड्यावर पाणी. ‘बाई सांगतात तेव्हा सगळं कळतं गं,’ ती आईला म्हणायची, ‘मग फाटकाबाहेर पडले की जातं.’

त्याच सुमाराला कुंपणवाल्याला कॉलेजच्या मागच्या बाजूची जाळी दुरुस्त करायचं काम मिळालं. जाळी इमारतीला लागून होती आणि मदतीची खोली तळमजल्यावर. बुधवारी दुपारी तो खिडकीखाली उकिडवा बसून गंजलेली तार कापत होता, आणि वर आत बाई कुणाला तरी प्रश्न वाचून दाखवत होत्या. चाळीस मीटर तार आहे. एका बाजूला आधीच भिंत आहे, उरलेल्या तीन बाजूंना कुंपण घालायचं आहे. जास्तीत जास्त जागा आत यावी म्हणून लांबी-रुंदी किती ठेवाल?

कुंपणवाल्याच्या हातातली पक्कड थांबली. त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणी आपली थट्टा तर करत नाही ना म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं की हाच तो धडा. ज्याच्यासाठी आपली मुलगी दोन वर्षं रडतेय तो हा प्रश्न, आणि याचं उत्तर विचारायला ती जिन्यापर्यंतच्या रांगेत उभी राहते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? बाई पुढे काय सांगतात ते ऐकायला तो थांबला नाही. कुंपणाचं उत्तर त्याला कुणाकडून ऐकायचं होतं? त्यानं पक्कड पिशवीत टाकली आणि उरलेल्या जाळीचं काम पुढे ढकलून घर गाठलं.

रविवारी सकाळी तो बारकीला घेऊन एका मोकळ्या जागेवर गेला. तिथे एका गोदामाची लांबलचक भिंत होती. बरोबर चार खुंट्या, हातोडी, मोजपट्टी आणि बरोब्बर चाळीस मीटर तार. आईही आली होती, तार धरायला म्हणून. खरं तर काय चाललंय ते बघायला.

‘वही आणलीस?’ कुंपणवाल्यानं विचारलं.

‘आणली.’

‘ठेव खाली. आधी पायांनी कर.’

त्यानं भिंतीपासून पाच मीटरवर खुंट्या ठोकल्या. दोन्ही बाजूंना पाच-पाच गेले, समोर तीस उरले. जागा लांबट आणि अरुंद. बारकीनं मनात गुणलं, दीडशे. मग खुंट्या उपटून दहा मीटरवर. समोर वीस. दोनशे. मग पंधरावर, समोर दहाच उरले, आणि परत दीडशे. बारकी त्या तिसऱ्या चौकटीत उभी राहिली, भिंतीपासून तारेपर्यंत चालत गेली, परत आली. तिनं बापाला बारावर खुंट्या मारायला सांगितल्या, मग आठवर, मग साडेनऊवर. घाम पुसत तो मारत राहिला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलताना त्याला दिसत होतं, आणि असं काही दिसण्यासाठी त्यानं दिवसभर खुंट्या मारल्या असत्या.

‘वाढत जातं,’ ती हळू म्हणाली, ‘मग एका जागी वाढायचं थांबतं, आणि मग उतरायला लागतं. थांबतं तिथे डेरिव्हेटिव्ह शून्य. बाबा, एवढंच आहे हे? मला वाटायचं ते शून्य पुस्तकवाले उगाच लिहितात.’

मातीत बसून तिनं वही उघडली. रुंदीला एक अक्षर दिलं, समोरच्या बाजूला दुसरं, आणि दोन रुंदी अधिक ती एक बाजू मिळून चाळीस मीटर तार असं लिहिलं. पहिली ओळ. दोन वर्षांत जी आली नव्हती ती ओळ गोदामाच्या भिंतीशी मांडी घालून बसल्याबसल्या आली. कुंपणवाल्यानं पाठ फिरवून घट्ट बसलेली खुंटी उगाच आणखी एकदा ठोकली. एवढ्यावर तो थांबला असता तर किती बरं झालं असतं. पण माणूस जिंकायला लागला की त्याला थांबावंसं वाटत नाही.

‘आणि दार?’ तो म्हणाला.

आता हे दार काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. विशीत असताना, धंद्यात नवा नवा, त्यानं एका माणसाच्या जागेला कुंपण घातलं होतं. मालकानं सांगितलं, चारी बाजूंनी तार घाल. यानं चारी बाजूंनी घातली. खांब ओळंब्यात, तार सतारीसारखी ताणलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाची गाय आत आणि मालक बाहेर. दाराला जागाच सोडलेली नव्हती. मालक लोकांसमोर ओरडला, ‘दार ठेव म्हणून वेगळं सांगायला पाहिजे का रे? कुंपण म्हटलं की दार आलंच.’ स्वतःच्या हातानं बांधलेली तार त्याला स्वतःच्याच हातानं तोडावी लागली, आणि पुढे कितीतरी वर्षं लोक त्याला गायवाला म्हणत होते. तेव्हापासून तो कामावर गेला की आधी दाराचे दोन खांब पुरायचा आणि मगच बाकीचं. आधी दार, मग तार, असं त्याचं म्हणणंच झालं होतं. दार तीन मीटरचं. तेवढ्या जागेत तार लागत नाही, दार लोखंडी नळीचं असतं. माणसानं तोंडानं सांगितलं नसेल तेही समजून घ्यायचं, याला तो कारागिरी म्हणायचा, आणि त्याच्या धंद्यात ते खरंच होतं.

बारकी म्हणाली, ‘प्रश्नात दार म्हटलेलं नाही, बाबा.’

‘सांगायला कशाला पाहिजे? ज्यानं प्रश्न काढला त्याला वाटलं असेल, एवढं तर कुणालाही कळेल. तिथेच तर तुमची परीक्षा. समोरच्या बाजूला तीन मीटर दार सोड, मग तार मोज.’

तिनं तसं मांडून पाहिलं. समोरची बाजू तीन मीटरनं लांबली, आणि रुंदी आली दहा पूर्णांक पंच्याहत्तर. ‘हे दशांशात येतंय,’ ती म्हणाली. खऱ्या जमिनीत दशांशच येतात, असं कुंपणवाल्यानं सांगितलं, आणि तेही खरंच होतं. तिनं पुस्तक उघडलं. कुंपणाचा प्रश्न तिथे होता, चौदावा. पण पुस्तकाच्या मागे उत्तरं होती ती एक सोडून एक, तेराव्याचं आणि पंधराव्याचं.

‘बुधवारी बाईंना विचारून बघू का?’ ती म्हणाली.

एवढ्याशा वाक्यानं कुंपणवाल्याचं तोंड उतरलं. ‘विचार की,’ तो म्हणाला. ‘तीस वर्षं कुंपण घालणाऱ्यावर भरवसा नसेल तर विचार बाईंना.’

आई तार गुंडाळत होती. ती म्हणाली, ‘अहो, कागदावरचं कुंपण आहे ते. त्यात कुणाची गाय जाणार आहे का?’ पण ते त्यानं हसण्यावारी नेलं. आणि बारकीनं बुधवारी बाईंना विचारलं नाही. बापाचं उतरलेलं तोंड तिनं पाहिलं होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस घरात उजेड आल्यासारखे गेले. पहिली ओळ यायला लागली होती. डबा असो, खोकं असो, खिडकीची चौकट असो, बारकी डोळे मिटून ती वस्तू समोर ठेवायची, तिच्याभोवती मनातल्या मनात एक चक्कर मारायची आणि लिहायला लागायची. टेबलाखालची ती चवड तिनं स्वतःच रद्दीत टाकली. आणि कुंपणवाला कामावर भेटेल त्याला सांगत सुटला की कॅल्क्युलस म्हणजे काही विशेष नाही, शिकवणारा हवा.

परीक्षेच्या दिवशी तो फाटकाबाहेर उभा होता. बारकी बाहेर आली ती जवळजवळ पळतच.

‘कुंपणाचंच आलं, बाबा. सहा मार्कांना. एकशेवीस मीटर तार, एका बाजूला नदी.’

‘दार?’

‘ठेवलं. तीन मीटर.’

कुंपणवाल्यानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि घरापर्यंत तो रस्त्याच्या मधोमध चालला. आयुष्यात इतकं सरळ कुंपण आपण घातलेलं नाही, असं त्याला वाटत होतं.

निकालाला दोन आठवडे होते. मधल्या बुधवारी तो कॉलेजच्या जाळीचा राहिलेला तुकडा लावायला गेला. पुन्हा तीच खिडकी, तोच उकिडवा बसलेला कुंपणवाला. आत बाई पुढच्या तुकडीला नुकताच झालेला पेपर फळ्यावर सोडवून दाखवत होत्या. कुंपणाचा प्रश्न आला तसा तो कौतुकानं उठून उभा राहिला. आपल्याच घरचं कार्य असावं तसा. बाईंनी नदी काढली, तीन बाजू काढल्या. दोन रुंदी आणि एक लांबी मिळून एकशेवीस, म्हणाल्या. रुंदी तीस आली. लांबी साठ. अठराशे चौरस मीटर. बाईंनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि फळा पुसायला घेतला.

दार आलंच नाही. कुंपणवाल्यानं वाट पाहिली. विसरल्या असतील, आठवेल, असं म्हणून तो गज धरून उभा राहिला. फळा अर्धा पुसून झाला तेव्हा त्याला राहवलं नाही.

‘बाई,’ तो खिडकीतून म्हणाला, ‘दार?’

पोरं खिदळली. एकाला वाटलं, हा माणूस खोलीचं दार विचारतोय. त्यानं बोटानं दाखवलंही. बाईंनी हात वर करून पोरांना गप्प केलं. त्या खिडकीशी आल्या. कुंपणाला दार लागतं ना, असं त्यानं चाचरत विचारलं, तेव्हा त्या हसल्या नाहीत.

‘खऱ्या कुंपणाला लागतं, काका. पण इथे दिलेलं नाही. गणितात दिलेलं नाही ते आपल्या मनानं घालायचं नाही.’

कुंपणवाला खाली बसला. हातात तार होती, तिचं टोक तळहातात घुसलं तेही त्याला नंतर कळलं. सांगितलं नव्हतं ते केलं नाही म्हणून एकदा तो तोंडघशी पडला होता, आणि त्या धड्यावर त्यानं आयुष्य काढलं. आता सांगितलं नव्हतं ते केलं म्हणून. आणि या खेपेला तो स्वतः पडला नव्हता, मुलीला ढकलून आला होता. तिनं विचारलं होतं, बाईंना विचारून बघू का म्हणून. तेव्हा आपलं तोंड उतरलं नसतं तर! गणिताचं गणितात, कुंपणाचं कुंपणात, एवढं साधं बारकीच्या आईला कळलं होतं.

तास सुटल्यावर तो बाईंच्या खोलीत गेला. चपला बाहेर काढून गेला, तसं तिथे कुणी करत नव्हतं तरी. त्यानं सगळं सांगितलं: गोदामाची भिंत, चाळीस मीटर तार, तीन मीटर दार. ‘चूक माझी आहे, बाई,’ तो म्हणाला. ‘तिला येत होतं. तिचे मार्क तिला द्या, नापास करायचं तर मला करा.’

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पेपर आपण तपासत नाही, ते बाहेर जातात, त्यावर नाव नसतं नुसता नंबर असतो, आणि कुणाकडे गेले तेही आपल्याला कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. पद्धतीचे एक-दोन मार्क मिळतील. बाकी प्रश्न नीट गेले असतील तर निघेलही. ‘माझ्या हातात काही नाही हो,’ त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘तिला पहिली ओळ येत नव्हती. दोन वर्षं मी झटले, मला ती तिला देता आली नाही. ती तुम्ही दिलीत.’ हे त्यांनी समजूत घालायला म्हटलं की खरंच, ते त्याला ठरवता आलं नाही. ती ओळ दारासकट दिली होती, त्याचं काय करायचं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

घरी त्यानं बायकोला मोरीशी गाठून सांगितलं. तो बोलणी खायच्या तयारीनं गेला होता. तिनं चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं हातातलं भांडं घासून पालथं घातलं. मग ती म्हणाली, ‘तिला आत्ता सांगू नका. निकाल लागेपर्यंत तरी हसू द्या तिला.’

सांगायचं नाही म्हणजे काय असतं ते त्याला पुढच्या आठ दिवसांत कळलं. बारकी घरात गुणगुणत फिरत होती. पुढच्या वर्षाची पुस्तकं कुणाकडून तरी आणून तिनं त्यांना कव्हरं घातली. रस्त्यानं जाताना ती पावलं मोजायची आणि म्हणायची, बाबा, हे मैदान अमुक इतकं असेल, बघा मी पुढच्या वर्षी यंत्र लावून मोजून दाखवते. तो हं म्हणायचा. दोनदा त्यानं ठरवलं, आज सांगायचं. एकदा तर ‘बारकी, ते दार,’ इथपर्यंत आला. ती हसत म्हणाली, ‘तुमचं दार लाखमोलाचं, बाबा. पेपरात प्रश्न बघून घाबरले ना, तेव्हा मला फक्त तुमच्या खुंट्या दिसत होत्या. तुमचाच आवाज येत होता.’ कामावर त्यानं त्या आठवड्यात एका बागेचं कुंपण घातलं आणि दाराच्या खांबांसाठी खड्डा काढताना दोनदा पहार टेकून उभा राहिला. बायकोनं लांबूनच पाहिलं आणि तार धरून थांबली.

निकाल नोटिशीच्या फळ्यावर लागला. पासला चाळीस हवे होते. बारकीच्या नंबरासमोर सदतीस होते.

ती रडली नाही. फळ्यासमोर उभी राहून तिनं बोटानं नंबर परत एकदा जुळवून पाहिला आणि बाजूला झाली, मागच्यांना बघता यावं म्हणून. उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते असं कुणीतरी म्हणालं. तिनं अर्ज दिला. चार दिवसांनी प्रत घ्यायला ती निघाली तेव्हा कुंपणवाला म्हणाला, मी येतो. वाटेत बोलायचं वाक्य त्यानं पक्कं पाठ केलं होतं: चूक तुझी नव्हती, माझी होती, मला निकालाआधीच माहीत होतं. कागद तिच्या हातात पडला की लगेच बोलायचं. निदान पोरीला असं तरी वाटू नये की आपल्याला येत नव्हतं.

कार्यालयातल्या खिडकीशी कारकुनानं आधी एका रजिस्टरात सही घेतली, मग दुसऱ्या कागदावर. तो दुसरा कागद नाव कमी झाल्याचा होता. कारकुनानं तो हळूच पुढे सरकवला आणि सही होईपर्यंत दुसरीकडे पाहिलं. मग त्यानं प्रत दिली. बारकी भिंतीशी टेकलेल्या बाकावर बसली आणि पानं उलटू लागली. कुंपणवाला तिच्या शेजारी बसला. पहिलं पान, दुसरं, तिसरं. अक्षर स्वच्छ, डेरिव्हेटिव्हच्या ओळी एकाखाली एक. डब्याचा प्रश्न पूर्ण बरोबर होता. नुसतं ‘समजा’ लिहून सोडलेलं एकही पान नव्हतं.

पाचव्या पानावर ती थांबली. कुंपणवाल्यानं मान पुढे केली. त्याला वर नदीची रेघ दिसली, तीन बाजूंची चौकट दिसली, आणि समोरच्या बाजूवर नीट पट्टीनं काढलेली दोन छोटी उभी टोकं दिसली, दाराचे खांब. एवढंच दिसलं, कारण तेवढ्यात बारकीनं पानावर तळहात ठेवला. सहज ठेवावा तसा, पण बोटं जुळवून. तिच्या करंगळीखालून लाल शाईतल्या प्रश्नचिन्हाचं शेपूट बाहेर राहिलं होतं.

त्यानं तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य होतं, पहिला शब्द जिभेवर होता.

‘कुंपणाचं बरोबर आहे, बाबा,’ ती म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ‘मी दुसरीकडेच माती खाल्ली. ते शेवटचं लिहायला वेळ पुरला नाही.’

‘बरोबर आहे?’

‘हो. सहापैकी सहा.’

कारकून पुढच्या माणसाला हाक मारत होता. बारकीनं तळहात न उचलता दुसऱ्या हातानं प्रतीची घडी घातली, एक घडी, मग अजून एक, आणि ती ओढणीत धरून ठेवली. आता आपण खरं बोललो तर तिनं एवढ्या कष्टानं झाकलेलं उघडं पडेल, आणि नाही बोललो तर ती जन्मभर एकटीच हे झाकत बसेल, हे दोन्ही त्याला एकदम कळलं, आणि यातलं काय करावं ते कळलं नाही. तो तिच्या हाताकडे बघत राहिला.

‘चांगलं झालं,’ तो म्हणाला.